आईच्या बटणांच्या फोनवरच्या जाहिराती बंद करा आणि कापलेले पैसे परत द्या

प्रति,
अपील अधिकारी, ग्राहक तक्रार विभाग

विषय : फक्त कॉलिंगचा प्लॅन 'नाही' असं सांगितल्याबद्दल, आणि न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे पैसे कापल्याबद्दल

काल संध्याकाळी तुमच्या कस्टमर केअरला चौथा फोन झाला. आता लेखीच सांगतो. मोबाइल नंबर आणि चारही तक्रार क्रमांक सोबतच्या पानावर आहेत.

नंबर माझ्या आईचा. वय 76, मुक्काम गुहागर तालुक्यातलं गाव, फोन बटणांचा. तिला फोन दोनच कामांना लागतो. संध्याकाळी सातला मी चिपळूणहून फोन करतो तो घ्यायला, आणि बँकेचा ओटीपी आला की शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यायला. यासाठी ती 28 दिवसांनी 199 रुपये भरते. वर्षाला 13 रिचार्ज, म्हणजे 2587 रुपये. त्यातला इंटरनेट तिने आजवर एक एमबीसुद्धा वापरलेला नाही. त्या फोनवर तो चालतच नाही. पैसे ती माझ्याकडून घेत नाही, आमसुलं विकून स्वतः भरते.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, 23 डिसेंबर 2024 ला नियम बदलला. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर, म्हणजे रिचार्जचा प्लॅन, प्रत्येक कंपनीने ठेवलंच पाहिजे, आणि त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत देता येईल. हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच व्हाउचर आईसाठी घ्यायचं म्हणून मी फोन केला.

तो दुसरा फोन मला जसाच्या तसा लिहायचा आहे. आधी अकरा मिनिटं होल्ड, आणि त्या अकरा मिनिटांत तुमच्या सिनेमा-मालिकांच्या पॅकची जाहिरात पुन्हा पुन्हा. मग एक मुलगी बोलली. म्हणाली, "सर, फक्त कॉलिंगचा प्लॅन आपल्याकडे नाहीये." मी ट्रायच्या नियमाची तारीख सांगितली. "सिस्टममध्ये दिसत नाही सर." पुन्हा होल्ड, पुन्हा तीच जाहिरात. परत आल्यावर म्हणाली, "आजींना यूट्यूबवर भजनं लावून द्या ना, डेटा वापरला जाईल." मी सांगितलं, फोन बटणांचा आहे आणि तिला एका डोळ्याने दिसत नाही. त्यावर, "मग सर स्मार्टफोनची ऑफर सांगू का?" मी नको म्हणालो. आणि मग ती म्हणाली, "कशाला एवढा विचार करता सर, दिवसाला सात रुपये पडतात. सात रुपयांत आज चहा पण येत नाही."

माझी आई त्या सात रुपयांचा विचार करते. ओल्या कोकमांची सालं काढून, रसात भिजवून, उन्हात घालून, पुन्हा भिजवून आमसूल होतं, तेव्हा ते सात रुपये येतात. त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर होतं ते तिने वाचलं. पडद्यावर काय असावं हे ठरवणाऱ्यांवर आहे. कारण त्याच रात्री ते व्हाउचर मला तुमच्याच वेबसाइटवर सापडलं. सगळ्या डेटा प्लॅनच्या खाली, शेवटच्या रकान्यात. वर्षाला सातशेहून अधिक रुपयांचा फरक. जे नाही म्हणून सांगितलं, ते तुमच्याच दुकानात होतं!

या घोळात जुन्या रिचार्जची मुदत संपून गेली. आईने मला फोन लावला तर माझ्या आवाजाऐवजी रिचार्ज करा अशी टेप लागली. तिला वाटलं फोन बिघडला. ती तशीच खालच्या वाडीत चालत गेली आणि दुसऱ्याच्या फोनवरून मला विचारलं, "तू बरा आहेस ना?"

दुसरी गोष्ट जाहिरातींची. त्या फोनच्या पडद्यावर दिवसातून कितीदा तरी तुमची जाहिरात आपोआप उघडते. ती घालवायला आई ओके दाबते. मार्चमध्ये असंच ओके दाबलं आणि कॉलर ट्यून सुरू झाली. तिने भरलेल्या 100 रुपयांच्या टॉपअपातून कर वगैरे जाऊन 81.75 जमा झाले होते, त्यातले 49 गेले. अशा सेवेसाठी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते, हा नियम 2013 पासून आहे. दुसऱ्या संमतीची नोंद मला दाखवा. 1909 ला स्टार्ट 0 पाठवून सगळे प्रचाराचे संदेश बंद केले आहेत, तरी तुमच्या जाहिराती चालूच आहेत.

2007 साली ब्रिटनमध्ये ब्लिक नावाची कंपनी निघाली होती. ती तरुणांना जाहिराती पाठवायची आणि बदल्यात दर महिन्याला कॉल आणि मेसेज फुकट द्यायची. ग्राहकाला सौदा माहीत होता. माझी आई पूर्ण पैसे भरते आणि वर जाहिरातीही सोसते. जाहिरातीचे पैसे तुम्हाला मिळतात, तर तिचं रिचार्ज स्वस्त का होत नाही?

मी 2003 ते 2019 चिपळुणात रिचार्जचं दुकान चालवलं, त्यामुळे तुमची बाजू मला कळते. पूर्वी बाहेरून आलेल्या कॉलचे पैसे समोरची कंपनी तुम्हाला द्यायची. ते मिनिटाला 14 पैशांचे ऑक्टोबर 2017 मध्ये 6 झाले आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य. नुसत्या इनकमिंगच्या नंबरातून तुम्हाला काही मिळत नाही, टॉवर मात्र चालवावा लागतो. मान्य. मग इनकमिंगची सरळ किंमत लावा, ती आई देईल. इंटरनेट तिच्या गळ्यात का बांधता?

आणि हेही लिहितोच. 2006 मध्ये 999 रुपयांचं लाइफटाइम कार्ड मी माझ्या हाताने आईला दिलं. माझ्या काउंटरवर तुमचाच बोर्ड होता. 'आजीवन' म्हणजे कंपनीच्या परवान्याची मुदत असते, हे नंतर कळलं. 2018 च्या शेवटी इनकमिंगलाही दर महिन्याचं रिचार्ज लागू लागलं, तेव्हा गावातली म्हातारी माणसं माझ्या दुकानात येऊन विचारायची, "तूच म्हणालास ना, जन्मभर?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बोलणं माझ्या तोंडून गेलं होतं, तुमच्या नाही.

मला हवं ते एवढंच. 49 रुपये परत. पडद्यावरच्या जाहिराती कायमच्या बंद. आणि फक्त कॉलिंगचं व्हाउचर तुमच्या कस्टमर केअरच्या पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था, कारण असा फोन करणारा मी एकटा नसणार.

39 दिवसांत अपिलाचा निकाल द्यायचा असतो. तो आला नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मोबाइल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे. शिवाय नदीपलीकडे यंदा दुसऱ्या कंपनीचा टॉवर झाला आहे आणि आईच्या पडवीत त्याची दोन काड्या रेंज येते. वीस वर्षांचा नंबर 1900 ला मेसेज करून, कोड घेऊन त्या कंपनीकडे हलवता येतो. मला ते करायचं नाही, पण करीन.

उत्तर लेखी आणि माझ्या पत्त्यावर द्या. आईला फोन करू नका. तुमचा नंबर दिसला की आता ती फोन उलटा करून ठेवते.

आपला ग्राहक