छत्री आणू नकोस

बीव्हर्टन, ओरेगन, अमेरिका

प्रिय संज्या,

'तिकडे पाऊस नि झाडं सोडून आहे तरी काय?' असं विचारलंस ना? मग वाच आता.

परवाच्या शनिवारी सहा तास गाडी हाणत ब्रुकिंग्जला गेलो. समुद्रकाठचं चिमुकलं गाव. तिथल्या वाचनालयात काचेच्या पेटीत एक सामुराई तलवार आहे, चारशे वर्षांपूर्वीची. नोबुओ फुजिता नावाच्या जपानी वैमानिकाच्या घराण्यातली. ९ सप्टेंबर १९४२ला हा बाबा पाणबुडीतून आणलेलं छोटं विमान उडवत आला नि इथल्या जंगलावर आगलावे बॉम्ब टाकून गेला. जंगल पेटून हाहाकार उडावा, असा बेत. पण आदल्या पावसाने सगळं ओलंचिंब! आषाढात आजीची चूल कशी नुसती धुमसायची, आठवतं? तसंच झालं.

वीस वर्षांनी गावाने त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं. तलवार घेऊन आला. लोक भडकले तर तिनेच पोट चिरून घ्यायचं, अशी तयारी होती म्हणे. लोकांनी उलट मान दिला. तलवार गावाला देऊन गेला, नि पुढेही येत राहिला. बॉम्ब पडला तिथे त्याने रेडवुडचं रोप लावलं. १९९७ला वारला, त्याची थोडी राखही तिथेच टाकलीय. मी पेटीसमोर उभा, आणि शेजारी एक पोरगं मांडी घालून निवांत कॉमिक वाचतंय!

सगळंच असं गोड नाही हं. १८५७च्या ओरेगन राज्याच्या घटनेत गुलामगिरीला बंदी होती, आणि नव्याने येणाऱ्या काळ्या माणसाला राहायलाही बंदी. ते कलम निघालं १९२६ला. तुझ्या कोरेगाव पार्कातून आलेल्या रजनीशांच्या मंडळींपैकी काहींनी १९८४मध्ये, निवडणुकीत लोकांना मतदानाला जाता येऊ नये म्हणून, इथल्या द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळले. ७५१ माणसं आजारी पडली.

आता आपल्या कामाचं. १९१३मध्ये अ‍ॅस्टोरियात लाकूड गिरण्यांतले भारतीय मजूर जमले आणि इंग्रजांचं राज्य उलथवायला निघालेली गदर चळवळ उभी राहिली. सभागृह कुणाचं? फिनलंडहून आलेल्या समाजवाद्यांचं! त्या चळवळीतले आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इथेच कॉर्व्हॅलिसला शेतकी शिकत होते. शाळेत हे नाव एकदा तरी ऐकलं होतंस का? मी नाही.

आलास की अ‍ॅस्टोरियाला जाऊ. छत्री आणू नकोस, इथले लोक हसतात. रेनकोट आण. आणि काकूंकडून भाजणी.

तुझा,
अव्या