नाल्यातले निळे ड्रम

संपादक महोदय,

हिंगणा रोडवरच्या आमच्या ले-आउटमागच्या नाल्यात पोळ्याच्या रात्री कुणीतरी निळे ड्रम रिकामे केले. सकाळी तव्यावर मिरच्या जळाल्यासारखा ठसका. शेजारच्या काकूंच्या बोअरच्या पाण्यावर तवंग. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं आम्ही दुसऱ्याच रस्त्यानं वळवली.

२०१६ च्या नियमांनुसार कारखान्याला घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही, नेताना गाडीत त्याचे कागद लागतात. विल्हेवाटीचा प्रकल्प बुटीबोरीत आहेच. पण तिथं पैसे पडतात, नाला फुकट!

तक्रारीवर उत्तर आलं, 'ड्रम उचलले.' उचलले खरे, पण भंगारवाल्यानं! आता ते कुणाच्या घरी पाणी साठवायला जातील, देव जाणे. बोअरचं पाणी तपासायला मात्र अजून कुणी फिरकलं नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर