समुपदेशकांचं प्रशिक्षण हॉलमध्ये नको, गावात घ्या

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

केज तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते आणि चार वर्षांपासून शाळेची समुपदेशकही आहे. ‘आहे’ म्हणजे हजेरीच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे तसं लिहिलंय आणि प्रयोगशाळेच्या मागची खोली मला मिळाली आहे. खोलीत दोन खुर्च्या आहेत, तिसऱ्या खुर्चीवर जुने नकाशे ठेवलेत.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण हे प्रशिक्षण कसलं आणि कुठं, यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस बोलावलं होतं. हॉल गार, पडद्यावर स्लाइडा. जोड्या करून एकमेकांचं ऐकायचा सराव झाला. शेजारच्या तालुक्यातले गणिताचे सर मला त्यांच्या गुडघेदुखीबद्दल सांगत होते आणि मी मान डोलवत होते. दुपारी पुरी-भाजी, संध्याकाळी प्रमाणपत्र. शेवटच्या तासाला मी विचारलं, “एखादी मुलगी सांगते की दिवाळीनंतर माझं लग्न आहे. तर मी पहिला फोन कुणाला करायचा?” उत्तर आलं, “आधी तिला सहानुभूतीने ऐका.” ऐकलं होतंच हो. म्हणून तर विचारत होते.

ती मुलगी नववीतली. वहीला कव्हर घालता घालता म्हणाली, “बाई, औंदा माझा बी कोयता बांधायलेत.” आमच्याकडं याचा अर्थ लहान लेकरालाही कळतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. एकट्या पोरीचा कोयता होत नाही, लग्न झालं की होतो. शिवाय आई-बाप सहा महिने कारखान्याच्या तळावर, मग वयात आलेली पोर कुणापाशी ठेवायची, ही भीती वेगळीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० बायांपैकी ४० हून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. एवढ्या घरांचा प्रश्न मी खोलीत बसून, दोन खुर्च्यांवर, कसा सोडवणार?

गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवक, हे मला आशाताईकडून कळलं. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला की पुढं काय होतं, तेही तिनंच सांगितलं. तिनं आधी दोन लग्नं थांबवलेली. मुलीची आत्या गावातच नांदते आणि भावाला धाक दाखवू शकणारी ती एकटीच आहे, हे अंगणवाडीताईला माहीत होतं. शेवटी ग्रामसेवकाच्या कागदाआधी आत्याचंच बोलणं कामी आलं. पोर आता आत्याकडं राहून दहावीला बसतेय. यातलं काहीच मला त्या हॉलात मिळालं नव्हतं.

पण गावाला सोबत घ्यायचं म्हणजे काय, हेसुद्धा शिकावं लागतं. आधीच्या वर्षी मी एक मोठी चूक केली. एका मुलाच्या घरचा दारूचा त्रास मी चांगल्या हेतूनं एका पालक सदस्याच्या कानावर घातला, मदत होईल म्हणून. संध्याकाळपर्यंत ते पारावर पोचलं. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही आणि आल्यावरही माझ्या खोलीकडं फिरकला नाही. अजून समोर आला की वाट बदलतो. कुणाला काय सांगायचं, किती सांगायचं, लेकराला आधी विचारायचं कसं आणि त्यानं ‘नको’ म्हटलं तर काय, खरं प्रशिक्षण याचं हवं. आणि जिथं गुपित ठेवताच येत नाही ती जागाही नीट कळायला हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथं ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द आपण देऊच शकत नाही. मी तो दोनदा दिलाय. नशीब, मामला तसा नव्हता.

माझी मागणी फार मोठी नाही. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होतेच. त्यातली तिमाहीला एक आम्हा समुपदेशकांना द्या. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामसेवक, बीट अंमलदार (गावाचा पोलिस) आणि शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक यांना सोबत बसवा. मुकादमालाही बोलवा. पुष्कळांना हे पटणार नाही, पण कुठलं घर कधी हलणार हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नाव-गाव काढून दोन खरी प्रकरणं मांडायची आणि कुणी काय करायचं ते तिथंच ठरवायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले मानसशास्त्रज्ञ महिन्यातून एकदा तासभर फोनवर जरी मिळाले, तरी आम्ही कुठं चुकतोय ते कळेल. आज माझी चूक मला दाखवणारं कुणीच नाही.

आणि तारखा बघा. आमचं मागचं प्रशिक्षण फेब्रुवारीत झालं, तेव्हा निम्मा वर्ग तळावर होता आणि आम्ही दहावीच्या परीक्षेच्या तयारीत. उचल दसऱ्याच्या कितीतरी आधी हातात पडते, लग्नाची बोलणीही त्याच दिवसांत होतात. त्यामुळं बसायचं ते पोळ्याच्या आत. आमच्या शाळेत बसायचं ठरलं तर सतरंज्या आहेत, नकाशे मी उचलून ठेवते, चहाचं माझ्याकडं.

आपली,
एक शिक्षिका-समुपदेशक
ता. केज, जि. बीड
(विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं आणि शाळेचं नाव छापू नये, ही विनंती.)