तेरा नंबरचे बूट

विश्रामबाग, सांगली
रविवार, दुपार

प्रिय संज्या,

फोनवर तू विचारलंस, "एनबीएत, त्या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, खेळायचं तर फॉर्म कुठं भरतात रे?" आणि मी नुसता हसलो. राग आला असेल तुला. पण तुझा ओंकार तिथंच आजीशेजारी शेंगा सोलत बसला होता, त्याच्यादेखत मला ते बोलायचं नव्हतं. म्हणून हे पत्र. पोस्टानं धाडतोय, कारण काकांच्या हाती दिलं की ते वाटेत वाचतात.

आधी पोराची खबर. राज्याच्या शिबिराच्या यादीत त्याचं नाव आलं नाही, हे तुला कळलंच आहे. दोन दिवस तो कोर्टवर फिरकला नाही. मग परवा पहाटे पाचला आमची कडी वाजली. बघतो तर हा उभा, मोबाईल हातात, केस भिजलेले. "काका, ड्राफ्ट साडेपाचला सुरू होतोय, आमच्याकडं नेट चालेना." ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचे. तुझ्या वहिनीनं चहा टाकला आणि आम्ही दोघं ओसरीवर बसलो.

आता तुझ्या फॉर्मचं. गंमत अशी की फॉर्म लागतच नाही! अमेरिकेबाहेरचा खेळाडू ज्या वर्षी बावीस वर्षांचा होतो, त्या वर्षी तो ड्राफ्टला आपोआप पात्र ठरतो. म्हणजे नियमाप्रमाणं तू आणि मीसुद्धा एके काळी पात्र होऊन गेलोय, फक्त कुणी बोलावलं नाही. त्याआधी जायचं तर नाव कळवावं लागतं, आणि त्या वर्षात किमान एकोणीस पूर्ण व्हावी लागतात. तिकडच्या पोरांना शाळा संपल्यावर वर्षभर थांबावंही लागतं. कोबी ब्रायंट 1996 मध्ये शाळेतून थेट आला, तो रस्ता 2006 पासून बंद आहे.

आपल्याला सवय लिलावाची. 2023 मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगच्या लिलावात आपल्या स्मृती मानधनाचं नाव सगळ्यात आधी पुकारलं, 3 कोटी 40 लाखांची बोली लागली, तेव्हा अर्ध्या सांगलीनं पेढे खाल्ले. तिकडं बोली नाही. तीस संघ, दोन फेऱ्या, आणि ज्यानं तुझं नाव घेतलं त्याच्याकडं जायचं, नाहीतर तिथं खेळायचं नाही. पहिला हात दुबळ्या संघाचा. पण मग लोक मुद्दाम हरायला लागले. म्हणून 1985 पासून चिठ्ठ्या. अगदी आपल्या भिशीसारखं, फक्त ज्याची अवस्था वाईट त्याच्या चिठ्ठ्या जास्त. एका यंत्रात चौदा चेंडू फिरवतात, चार काढतात. त्यांच्या 1001 जोडण्या होतात, एक बाजूला ठेवतात आणि हजार जोडण्या प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, हुकलेल्या चौदा संघांत वाटतात. 2025 च्या सोडतीत सगळ्यात खालच्या तिघांना प्रत्येकी 140 होत्या. डॅलसच्या संघाकडं हजारातल्या फक्त अठरा होत्या, तरी पहिला नंबर त्यांना लागला! त्यांनी कूपर फ्लॅग या सगळ्यांना हव्या असलेल्या पोराला उचललं. ज्यांनी फेब्रुवारीत लुका डॉन्चिचसारखा हिरा दुसऱ्या संघाला देऊन टाकला त्यांनाच ही भिशी लागावी, यावर ओंकार माझ्याशी अर्धा तास भांडला. जणू मीच चिठ्ठी काढली.

ड्राफ्टच्या आधी शिकागोत सगळ्यांची मापं घेतात. अनवाणी उंची, पसरलेले हात, उभ्यानं हात किती वर जातो, उडी किती. हे ऐकल्यावर पोरगं कुठलं गप्प बसतंय. तुझ्या आईची शिवणाची टेप आणली. ती दीडशे सेंटीमीटरला संपते, आणि हा भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा! शेवटी समोरच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून लोखंडी टेप आणली. उंची सहा फूट चार, हात सहा फूट सात. नव्या रंगाच्या भिंतीवर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत, वहिनीला अजून दिसलेल्या नाहीत.

तू सतनामचं उदाहरण दिलंस ते खरंच आहे. बल्लोके गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, लुधियानाच्या अकादमीतून फ्लोरिडाला गेला, आणि 2015 मध्ये डॅलसनंच त्याला बावन्नाव्या नंबरवर घेतलं. भारतात जन्मलेला पहिलाच. आपण इथं नाचलो होतो, आठवतंय? पण पुढचं आपल्याला कुणी सांगितलं नाही. पहिल्या फेरीतल्याला पैसा ठरलेला आणि पहिली दोन वर्षं पक्की. दुसऱ्या फेरीतल्याला काहीच पक्कं नाही. सतनाम डॅलसच्या खालच्या लीगमधल्या संघात खेळला, एनबीएच्या एकाही सामन्यात उतरला नाही, आणि पुढं अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत उतरला.

आणि याच्या उलटा बेन वॉलेस. 1996 मध्ये दोन्ही फेऱ्या संपल्या, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तोच पुढं चार वेळा सर्वोत्तम बचावपटू झाला. नाव न आलेल्याला एक मोकळीक असते बघ, तो कुठल्याही संघाशी बोलू शकतो. जुलैत लास वेगासला उन्हाळी लीग असते, तिथं असली पोरं घाम गाळतात. चमकला तर कुणी दुहेरी करारावर घेतो, म्हणजे थोडे दिवस वर, बाकीचे खालच्या संघात. प्रत्येक संघात अशा तीन जागा. फ्रेड व्हॅनव्हीटचंही 2016 मध्ये नाव आलं नव्हतं, तीन वर्षांनी तो टोरांटोकडून विजेता ठरला.

हे मी ओंकारला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुमचं नाव यादीत नव्हतं तेव्हा तुम्ही काय केलं?" कुणी सांगितलं त्याला? तूच असणार. मग खरं ते सांगितलं. त्या वर्षीच्या यादीत निवड करणाऱ्याच्या घरचा एक जण होता, ज्याला डाव्या हातानं ड्रिबल येत नव्हतं. तूही होतास, मी नव्हतो. मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही आणि त्यानंतर कधी सराव केला नाही. यादीवर राग ठेवायला मोकळा होतो, चेंडूवर कशाला काढला देव जाणे. पोरगं काही बोललं नाही. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर फडकं घेऊन कोर्ट पुसत होतं.

तर तू त्याला अमेरिकेची स्वप्नं दाखवू नको आणि रेल्वेच्या नोकरीचं टुमणंही आत्ताच लावू नको. एक वर्ष राहू दे त्याला इथं. सकाळी मी जातो त्याच्याबरोबर. डावा हात माझ्यापेक्षा बरा आहे त्याचा, पण रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडताना, अजून टाचांवर उभा राहतो.

आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी गढूळ झालंय, गणपतीला येशील तेव्हा बघशीलच. एक काम कर. त्याच्या बुटाचा अंगठा फाटलाय आणि तेरा नंबर अख्ख्या सांगली-मिरजेत मिळाला नाही. मुंबईहून आण. वर्तमानपत्रावर त्याचा पाय आखून सोबत ठेवलाय. उजवा थोडा मोठा आहे, म्हणून उजव्याचंच माप धर.

तुझा,
बाळ्या