गोष्टीतली शेंग ताटातही हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकस खाणं आणि खेळ गोष्टीतून शिकवायचा, तर पुस्तक निवडतानाच निम्मं काम होतं. चित्रात ब्रोकोली आणि आठवडी बाजारात शेवगा, दोडका, लाल माठ, असं असेल तर ते पुस्तक आपल्या मुलांच्या उपयोगाचं नाही.

एका पुस्तकात एकच भाजी, पानं दहा-बारा, पानावर एक-दोन वाक्यं. तेच पुस्तक आठवडाभर रोज वाचावं. दोन-चार दिवसांत पुढचं वाक्य मुलंच म्हणू लागतात. त्याच आठवड्यात ती भाजी वर्गात आणावी. शेवग्याची शेंग हातात द्यावी, मोडू द्यावी, सालीचे दोरे ओढू द्यावेत, वास घेऊ द्यावा. चव त्यानंतर, शिजवलेल्या गराची, चमच्याच्या टोकाएवढी. थुंकली तरी रागावू नये. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा लागतात. आपण दुसऱ्याच नकाराला ‘ह्याला आवडत नाही’ म्हणून मोकळे होतो. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे तुकडे मात्र देऊ नयेत, घशात अडकतात. कूट आणि कीस चालतो.

आपल्याकडे घरी मराठीत शेवगा, अंगणवाडीत कानडीत नुग्गेकायी. वाचताना दोन्ही नावं घ्यावीत, म्हणजे चित्रातली शेंग आणि आमटीतली शेंग एकच, हे मुलाला उमगतं.

‘भाजी खा, ताकद येईल’ असं गोष्टीत घातलं की भाजीचं औषध होतं. ‘भाजी संपव, मग कुंदा देते’ हे तर फारच घातक, त्यानं कुंद्याचीच, म्हणजे गोडाचीच, ओढ वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० तरी धाप लागेल अशी. गोष्टीनं ती सगळी भरून निघणार नाही, पण सुरुवात होते. दर दोन पानांनी मुलांना उठवावं: टाचा उंचावून झाड व्हायचं, शेंग पडली की खाली बसायचं. उडी दोन्ही पायांवर. तीन वर्षांच्या मुलाकडे लंगडीचा हट्ट नको. एका पायावर उडी मारणं साधारण चौथ्या वर्षी जमू लागतं. पावसाळ्यात खानापूरकडे दिवसचे दिवस अंगण मिळत नाही. तेव्हा दोन चटयांत वीतभर अंतर ठेवून ओढा करावा, आणि गोष्टीतल्या बेडकानं तो ओलांडावा.

आपल्या बालपुरवणीत इथल्या भाज्यांच्या अशा छोट्या सचित्र गोष्टी, दोन्ही भाषांतल्या नावांसह, छापाव्यात ही विनंती. कात्रणं पुठ्ठ्यावर डकवून दोऱ्यानं शिवली, की पुस्तक तयार.

आपल्या,
बालवाडी शिक्षिका, खानापूर तालुका