चिखलातील कौटुंबिक शर्यत सोलापुरातही व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे आणि रस्त्यावरील दौडींनाही चांगला प्रतिसाद मिळतो, ही आनंदाची बाब आहे. मात्र अशा दौडींत घरातील एखादाच माणूस पळतो आणि बाकीचे घर पाण्याची बाटली, टॉवेल नि चपला सांभाळत कडेला उभे असते. त्या उभ्या राहणाऱ्यांत आई, सासू आणि काकू यांचाच भरणा अधिक असतो. हे चित्र बदलावयाचे असेल, तर अख्ख्या कुटुंबाने मिळून पार करावयाची, चिखलातील अडथळ्यांची शर्यत आपल्या शहरात सुरू करावी, अशी माझी सूचना आहे.

या प्रकाराची सुरुवात इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ १९८७ मध्ये झाली, २०१० पासून अमेरिकेत तो झपाट्याने पसरला आणि त्यानंतर आपल्याकडील महानगरांतही पोहोचला. पाच-सहा किलोमीटरच्या वाटेवर चिखलाचे चर, जाळीखालून सरपटण्याची जागा, दोरखंड आणि फळ्यांच्या उंच भिंती असतात. गेल्या वर्षी पुण्याजवळच्या अशा एका शर्यतीत मी, माझे दीर, धाकटी जाऊ, सून आणि कॉलेजात शिकणारा पुतण्या असे पाच जण उतरलो होतो.

त्यातील भिंतीचा प्रसंग सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण माझ्या सूचनेचा सारा आधार तोच आहे. भिंत पुरुषभर उंच होती, ओल्या फळ्यांवर पाय ठरत नव्हता आणि एकट्याने वर जाणे आमच्यापैकी पुतण्याखेरीज कोणालाच शक्य नव्हते. तो वर चढून बसला, दीर भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मी एक गुडघा टेकून मांडी पुढे केली. पण सून जागची हलेना. ‘‘अहो आई, तुमच्या मांडीवर पाय कसा देऊ?’’ असे तिने विचारले, तेव्हा मागे रांग लागली होती. मी ‘‘दे गं, बिनधास्त दे’’ म्हटल्यावर तिने आधी वाकून माझ्या पायांना हात लावला, मग चिखलाने भरलेला बूट माझ्या मांडीवर ठेवला आणि दिरांच्या खांद्याचा आधार घेत पुतण्याचा हात पकडला. माझ्या जाऊबाई तर थोरल्या दिरासमोर मोठ्याने बोलावयासही संकोचणाऱ्या. त्यांना त्या दिवशी त्याच दिरांनी दंडाला धरून वर ढकलले. लग्नकार्यांत, सणावारांत आम्ही सारे एकत्र असतो, परंतु त्या वेळी प्रत्येकाची कामे आणि जागा ठरलेल्या असतात. एकमेकांच्या अंगाचे वजन पेलण्याची वेळ घरात सहसा येतच नाही आणि ती आली, तेव्हा आमच्यातील संकोच किती वरवरचा होता, हे कळले.

खटकले ते पुढेच. आयोजकांनी प्रत्येकाची वेळ स्वतंत्र मोजली आणि बक्षिसे सर्वांत वेगवान व्यक्तींना दिली, त्यामुळे भिंतीपाशी थांबून इतरांना वर घेणारा माणूस निकालात मागे पडला. सोलापुरातील शर्यतीत संपूर्ण कुटुंबाची एकच नोंदणी असावी आणि घरातील शेवटचा माणूस रेषा ओलांडेल, तीच त्या कुटुंबाची वेळ धरावी. या एका नियमाने शर्यतीचा वेग आपोआप आजीच्या, नातवाच्या चालीवर येईल.

सोलापूरला चिखल बाहेरून आणावयाचा नाही. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पायाला अशी धरते, की नाडी सैल असेल तर बूट आत राहतो नि पाय तेवढा बाहेर येतो. तरीही जागेची निवड विचारपूर्वक व्हावी. रब्बी ज्वारीसाठी मोकळी ठेवलेली राने पावसाळ्यात रिकामी दिसतात, पण ओली काळी माती तुडवली की दाबून बसते आणि तिची ढेकळे होतात. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचे असे नुकसान कोणत्याही कारणाने होता कामा नये. हिप्परगा तलावाचा काठही नको, कारण तेथून शहराला पिण्याचे पाणी मिळते. एखाद्या शिक्षणसंस्थेची विनावापर मोकळी जागा घ्यावी, ती कुळवून बाभळीचे काटे, काचा, तारा वेचून काढाव्यात आणि पावसाच्याच पाण्यावर चर भरू द्यावेत. जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्या शहरात चिखल करण्यासाठी टँकर मागवणे मला पटणारे नाही. अडथळ्यांसाठी ट्रॅक्टरचे जुने टायर, कडब्याच्या पेंढ्या, लाकडी फळ्या आणि जाड सुती दोर पुरेसे आहेत. अन्यत्र सरपटण्याच्या जागेवर काटेरी तारा लावतात, त्यांची आपल्याला मुळीच गरज नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नसावी. अमेरिकेतील नेवाडा राज्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये गुरांच्या कुरणावर झालेल्या अशाच शर्यतीत गढूळ पाणी तोंडात जाऊन अनेकांना जिवाणूंमुळे अतिसार झाला होता, तर एप्रिल २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात उंचावरून खोल पाण्यात उडी मारण्याच्या अडथळ्यावर एका तरुणाचा बुडून मृत्यू झाला. त्यामुळे जनावरे बसतात ती जागा टाळावी, चिखल गुडघ्याच्या वर नसावा आणि उडीचा, डोके बुडवण्याचा अडथळा असूच नये. उंदीर व गुरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस त्वचेवरील जखमांतून शरीरात शिरतो, म्हणून अंगावर ताजी जखम असलेल्यास उतरू देऊ नये, धनुर्वाताच्या लसीची विचारणा नोंदणीच्या वेळीच करावी आणि पुढील काही आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना चिखलाविषयी आवर्जून सांगावे, अशी सूचना प्रत्येकाच्या हाती लेखी द्यावी.

स्त्रियांच्या सोयींकडे आयोजकांचे किती लक्ष असते, याचा अनुभव आम्ही घेतला. कपडे बदलण्यासाठी ताडपत्रीचा एकच आडोसा होता आणि अंग धुण्यासाठी एकच नळ. काचेच्या बांगड्या काढून याव्यात, मंगळसूत्र व जोडवी घरी ठेवावीत, एवढी साधी गोष्टही आधी कोणी कळवली नव्हती. सरपटताना एका अनोळखी भगिनीच्या मनगटात बांगडीचा तुकडा घुसलेला मी स्वतः पाहिला. शिवाय आमच्या पाच जणांच्या प्रवेशशुल्कात घरचा महिन्याचा किराणा आला असता. यंत्रमागावर उभे राहणारे कामगार आणि दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या भगिनी यांची कुटुंबे ज्या शर्यतीत येऊ शकणार नाहीत, तिला सोलापूरची शर्यत म्हणता येणार नाही. शुल्क नाममात्र ठेवून उरलेला खर्च शहरातील व्यापारी व उद्योजकांनी उचलावा.

दिवसाविषयी माझे मत असे, की अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्या मधील पंधरवड्यातील एखादा सुटीचा दिवस निवडावा. सप्टेंबर हा आपल्याकडे भरवशाच्या पावसाचा महिना आहे. त्या पंधरवड्यात गणेशोत्सवाचा बंदोबस्त संपलेला असतो, नवरात्राची आणि तुळजापूरच्या वाटेवरील गर्दी सुरू व्हावयाची असते आणि पितृपक्षामुळे मंडपवाल्यांचे साहित्यही मोकळे असते. महापालिकेचा क्रीडा विभाग, शहरातील तालमी आणि धावपटूंचे गट यांनी उन्हाळा संपण्यापूर्वी एकदा एकत्र बसून जागा नक्की करावी, म्हणजे पहिल्या पावसाआधी चर खणून होतील. खणण्याच्या आणि काटे वेचण्याच्या कामासाठी आमच्या घरातील पाचही जण येण्यास तयार आहोत.

आपली,
एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर