कारभारीण म्हणता, तर कारभार करू द्या : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी पाच वर्षं आमच्या गावची सरपंच होते. पद महिलेसाठी राखीव निघालं म्हणून उभी राहिले आणि निवडून आले. पहिल्या मासिक सभेला गेले, तर सरपंचाच्या खुर्चीत माझे दीर बसलेले. ग्रामसेवकांनी इतिवृत्ताची वही त्यांच्यापुढेच उघडून ठेवली होती. मला म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त इथं सही करा." मी सही केली नाही. त्या दिवशी तेवढंच जमलं. "भाऊजी, उठा" हे दोन शब्द तोंडून निघायला तिसरी सभा उजाडली.

हे आज लिहिते, कारण टीव्हीवरच्या चर्चेत, प्रवचनात, मोबाइलवर सध्या एकच सांगणं वारंवार कानावर येतं : बाईनं राजकारणात पडू नये, तिची जागा घरात, घर मोडलं की समाज मोडतो. बोलणारे शिकलेले असतात, त्यांना मानणारे लोक असतात, आणि काही वेळा बोलणारी बाईच असते. त्यांनी बोलावं. व्यासपीठावर उभं राहण्याचा तिचा हक्क मी माझ्याइतकाच मोलाचा मानते. पण हे बोलणं सभागृहात राहत नाही, ते आमच्या ग्रामपंचायतीत येऊन खुर्चीवर बसतं. माझ्या दिरांना तिथं बसा असं कुठल्याच कायद्यानं सांगितलं नव्हतं. ती जागा बाईची नाहीच, असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि ग्रामसेवकांनाही तसंच वाटत होतं.

अशा मतांची ताकद महाराष्ट्रानं पूर्वीच पाहिली आहे. १८८७ साली न्यायालयानं, लहानपणी लावलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा 'केसरी'सारखं वजनदार पत्र त्यांच्या विरोधात होतं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून फक्त बारा वर्षांवर नेली, तरी धर्मावर घाला आला म्हणून केवढं रान उठलं! बायकांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ मध्ये संसदेत आलं, ते मंजूर व्हायला २०२३ उजाडलं, आणि तेव्हाही जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेची अट घातली गेली. २०२४ च्या निवडणुकीत आपल्या विधानसभेच्या २८८ जागांवर २१ बायका निवडून आल्या. ग्रामपंचायतीत मात्र २०११ पासून निम्म्या जागा आमच्या आहेत. म्हणून हा प्रश्न मी आधी तुमच्या दारी आणला.

घराचं मोल मला कुणी शिकवायला नको. सरपंच असतानाही पहाटे चूल मीच पेटवत होते आणि त्याची मला लाज नाही. आपल्या भाषेत बायकोला कारभारीण म्हणतात. हा शब्द उगीच आलेला नाही. पाणी किती दिवसांआड येतं, कुठलं पोर शाळेत जायचं थांबलं, कुणाच्या घरात धान्य संपलं, हे तिला ठाऊक असतं. गाव चालवायला आणखी कसली माहिती लागते?

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. आम्ही ती घेतली. बायकांनी एकमुखानं वरच्या वस्तीसाठी पाण्याची लाइन मागितली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत विषय निघाला तो वेशीवरच्या स्वागत कमानीचा. मी लाइनचं काढलं, तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ते बायकांचं, घरचं झालं. गावाचं बोला." त्या वर्षी कमान झाली. वरच्या वस्तीतल्या बायका त्याच कमानीखालून हंडे घेऊन जात राहिल्या. लाइन मिळायला पुढची दोन वर्षं मला भांडावं लागलं. बाईची जागा घरात म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचं आहे : पाणी घरचं असेल, तर त्याचा निर्णय घर चालवणारीला का विचारत नाही?

मंत्रिमहोदय, तुम्ही अशा वक्त्यांच्या शेजारी व्यासपीठावर बसता. ते बाईनं घरी बसावं म्हणतात आणि तुम्ही पुढच्या विषयाकडे वळता. तुमचं ते गप्प राहणं आमच्या गावात शासनाचं मत म्हणून पोहोचतं. तिथल्या तिथे उठून सांगा, की माझ्या खात्यातल्या निम्म्या खुर्च्या बायकांच्या आहेत आणि त्या तिथं बसणारच.

आणि एक परिपत्रक काढा. महिला सभेत झालेला प्रत्येक ठराव ग्रामसभेत वाचला जावा आणि नाकारला तर कारण लिहावं लागावं. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांना लेखी आदेश द्या : सरपंच बाई स्वतः खुर्चीत बसल्याशिवाय इतिवृत्ताची वही उघडायची नाही.

आपली,
एक माजी सरपंच